सुम्माकची साखर

मित्रीकाकांचा कुत्रा पहिल्यांदा कोसळला तो झावळ्यांच्या रविवारी, चर्चच्या दारात, अख्ख्या मीना बंदरासमोर.

त्या दिवशी आमच्याकडची पोरं नवे कपडे घालून, फुलांनी सजवलेल्या मेणबत्त्या हातात धरून बापाच्या खांद्यावरून मिरवतात. सुम्माकला मिरवणूक म्हणजे जीव की प्राण. सुम्माक नावाच्या आंबट मसाल्याच्या भुकटीसारख्याच तांबड्या रंगाचा लांब केसांचा तो शिकारी कुत्रा पोरांच्या मागे-पुढे नुसता नाचत होता. आणि नाचता नाचता त्याचे मागचे पाय फाकले. पायांखालची सतरंजी कुणी ओढून घ्यावी तसा तो आडवा झाला. डोळे उघडे, पण नजर भलतीकडेच. चारही पाय थरथरत होते.

"मित्री!" काकांच्या बायकोचा, अफीफामावशींचा आवाज घंटेच्याही वर गेला. "मारलास ना शेवटी त्याला मिठाई चारून चारून!"

मित्रीकाका आपल्या मिठाईच्या दुकानातून धावत आले. सणाचा दिवस, दुकानात गर्दी, काकांचे हात कोपरापर्यंत पाकाने बरबटलेले. त्यांनी रस्त्यावरच बसकण मारली आणि कुत्र्याची जीभ आत तर गेली नाही ना, म्हणून बोटं त्याच्या जबड्यात घातली. चिकट बोटं हिरड्यांवरून फिरली. थोड्या वेळाने सुम्माकने डोळे मिचकावले, जीभ बाहेर काढली आणि काकांचा अंगठा चाटायला सुरुवात केली. मग उठला, अंग झटकलं आणि मिरवणूक कुठे गेली ते शोधत निघाला.

लोक हसले, काहींनी छातीवर क्रॉसची खूण केली. मित्रीकाका मात्र आपल्या हाताकडे बघत तसेच बसून राहिले.

मी नजात. बायकांचे केस कापते, रंगवते. माझं दुकान त्यांच्या घराच्या बरोबर समोर, त्यामुळे त्या घरातलं भांडण मला कान न देताही ऐकू येतं. मित्रीकाका पंचाहत्तरी ओलांडलेले. साय भरलेली त्यांची चीजची मिठाई खायला लोक डोंगरावरून उतरून येतात. दुकान आता मुलगी बघते, पण काकांचा हात लागल्याशिवाय पाक जमत नाही असं काका म्हणतात, आणि बाबांचा हात लागला की ओटा धुवावा लागतो असं मुलगी म्हणते.

सुम्माक त्यांच्याकडे आला त्याला बरीच वर्षं झाली. एका शिकाऱ्याने पिल्लू हौसेनं घेतलं, डोंगरात नेलं, आणि बंदुकीचा पहिलाच बार ऐकून ते गाडीखाली जाऊन बसलं ते संध्याकाळपर्यंत निघेना. शिकाऱ्याने चिडून ते काकांच्या दारात आणून सोडलं. तेव्हापासून रोज सकाळी म्हातारा आणि कुत्रा दोघं खडकांवरून समुद्रात उड्या मारतात. थंडी असो, लाटा असोत.

अफीफामावशी मात्र त्याला उंबऱ्याच्या आत येऊ देत नसत. "केसांचा ढीग आहे नुसता," म्हणायच्या. मावशींना मधुमेह. मिठाईवाल्याच्या घरात चाळीसहून जास्त वर्षं संसार केला आणि आता मिठाईला हात लावायचा नाही, ही सल काही लहान नव्हती. रोज बोट टोचायचं, पोटात सुई घ्यायची आणि नवरा बोटं चाटताना बघायचा.

त्या रविवारनंतर सुम्माक आणखी काही वेळा पडला. कधी पोहून आल्यावर, कधी पाहुणे आल्याच्या आनंदात. एकदा तर माझ्या दुकानात भिंतीला नाक लावून उभा राहिला, जणू भिंतीत दार होतं आणि आता कुणीतरी ते बुजवलंय. वजन वाढत होतं, भूक तर अशी की माझी केस पुसायची फडकीही सोडेना. कुणी म्हणालं मिरगी आहे, कुणी म्हणालं म्हातारपण. माझ्या एका गिऱ्हाइकाने नजर लागल्याचं सांगितलं आणि निळा मणी आणून दिला. मावशींनी तो पट्ट्यात अडकवला. "असू दे, फुकटच आहे," म्हणाल्या.

मित्रीकाकांचं औषध वेगळं होतं. कोटाच्या आतल्या खिशात त्यांनी गुलाबपाण्याच्या जुन्या बाटलीत पाक भरून ठेवला होता. कुत्रा पडला की आडोसा बघून दोन बोटं हिरड्यांना चोळायची, की झालं. नुसता पडेल असं वाटलं तरी चोळायची. आणि पडू नये म्हणून आधीच चोळायची.

एके दिवशी कोट धुवायला निघाला आणि बाटली फुटली.

मी एका बाईच्या डोक्याला मेंदी लावत होते. समोरून आरडाओरडा ऐकून दोघीही तशाच दारात आलो. मावशी अंगणात कोट उलटा धरून उभ्या. कोटातून पाक टपकतोय आणि सुम्माक खाली आ करून बसलाय.

"मला सांग, हे काय आहे?"

"औषध आहे, अफीफे."

"औषध! मला डॉक्टर म्हणतो, साखरेकडे बघूसुद्धा नका. आणि तू कुत्र्याला पाक पाजतोस? त्यालाही माझाच रोग लावलास तू! ती भूक बघ, ते पोट बघ. मला झालं तेव्हा अस्संच झालं होतं."

"अगं, पण पाक दिला की तो उठतो!"

"दारुड्यालाही दारू दिली की उठतो! थांब. आता मशीनच सांगेल."

मावशी आत गेल्या आणि आपलं साखर बघायचं यंत्र घेऊन आल्या. उंबऱ्यावर फतकल मारली, सुम्माकचा कान हातात धरला आणि काय झालं हे त्याला कळायच्या आत टोचलासुद्धा. इतक्या वर्षांची सवय ती. रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला. आम्ही सगळे वाकून बघायला लागलो. मावशींच्या चेहऱ्यावर जिंकल्याचं हसू आधीच आलेलं.

"अडतीस," मी वाचलं.

"तीनशे अडतीस," मावशी म्हणाल्या.

"नाही मावशी. नुसतेच अडतीस."

मावशींनी यंत्र झटकलं, फुंकर मारली, सेल काढून परत घातले. मग काकांचं बोट पकडलं. "अगं माझं कशाला?" म्हणेपर्यंत टोचून झालं होतं. काकांची साखर तरण्या पोरासारखी निघाली. त्याचाही मावशींना रागच आला. मग माझं बोट टोचलं, मेंदीवाल्या बाईचं टोचलं. सगळ्यांचं ठीक. पुन्हा कुत्र्याचा कान. या वेळी तर सदतीस.

माणसाची साखर इतकी उतरली तर काय होतं, हे मावशींइतकं त्या गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं. एकदा सुई घेऊन जेवायच्या विसरल्या होत्या, तेव्हा स्वयंपाकघरात पडलेल्या मला सापडल्या होत्या.

"मित्री," त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "हा उपाशी मरतोय रे. इतकं खाऊन उपाशी मरतोय."

आणि त्या दिवशी पहिल्यांदा मावशी स्वतः पट्टा धरून सुम्माकला उंबऱ्याच्या आत घेऊन गेल्या आणि त्याला उकडलेली कोंबडी भरवली.

डॉक्टर हनान म्हणजे प्राण्यांची डॉक्टर. दवाखाना त्रिपोलीच्या रस्त्यावर. पोरगेली दिसते, पण गाढवाच्या लाथेला भीत नाही. तिने सगळं ऐकून घेतलं, रक्त काढलं आणि एकाच रक्तात साखर आणि इन्सुलिन दोन्ही तपासायला सांगितलं. अहवाल आला तसं तिने आम्हाला बसवून घेतलं. आम्ही म्हणजे काका, मावशी, आणि गाडी माझी म्हणून मी.

"साखर तळाला गेली की इन्सुलिन थांबायला हवं," ती म्हणाली. "याचं थांबतच नाही. पोटात स्वादुपिंड असतं, त्यावर एखादी छोटी गाठ असावी. ती रात्रंदिवस इन्सुलिन बनवत बसते. खाल्लेलं सगळं रक्तातून निघून जातं, मेंदूला काही उरत नाही. म्हणून तो पडतो."

मावशी डोळे विस्फारून ऐकत होत्या. "म्हणजे मी जे सुईने पोटात टोचून घेते, ते याच्या पोटात उतू जातंय?"

"अगदी तसंच."

"अरे देवा! मग आम्हा दोघांना एका पातेल्यात घालून ढवळा की!"

डॉक्टर खो खो हसली. मित्रीकाका मात्र खुर्चीच्या टोकाशी सरकले. "डॉक्टर, एक सांगा. माझ्या पाकाने तो उठत होता की नाही?"

"उठत होता, काका. तुमच्या पाकानेच त्या रविवारी त्याचा जीव वाचला."

काकांनी बायकोकडे असं पाहिलं, जणू बिशपने त्यांना पदक दिलं होतं.

"पण," डॉक्टर म्हणाली, "तो बरा असताना तुम्ही जो पाक देत होतात ना, तो बघून ती गाठ आणखी चेकाळायची. जास्त इन्सुलिन ओतायची. पुढचा झटका तुम्हीच बोलावत होतात."

आता पदक मावशींच्या गळ्यात आलं. पण त्यांनी ते मिरवलं नाही. काकांचा चेहरा एवढासा झालेला बघून त्यांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. "तुला काय ठाऊक, माझ्या जिवा. मला तरी कुठे ठाऊक होतं."

डॉक्टरने लपवाछपवी केली नाही. कुत्र्यांत अशी गाठ बहुधा वाईट जातीची असते, म्हणाली. कापून काढली तर पुष्कळ कुत्री वर्षं-दोन वर्षं, कधी त्याहून जास्त मजेत जगतात. पण ती परतही येऊ शकते. नाही कापली तरी औषधं आहेत, पण दिवस कमी.

"तो नऊ वर्षांचा आहे," काका म्हणाले.

"आणि तू अठ्ठ्याहत्तर वर्षांचा," मावशी म्हणाल्या. "तुझ्या पित्ताशयाच्या वेळी आम्ही वय विचारलं होतं का? कापा डॉक्टर."

ऑपरेशनचा दिवस ठरेपर्यंत त्या घरात नवाच कायदा आला. सुम्माकला थोडं थोडं, पण पुन्हा पुन्हा खायला द्यायचं. मांस, अंडं, गोड काही नाही. पळापळ नाही, समुद्र नाही. आणि मावशींनाही त्यांच्या डॉक्टरने हेच सांगितलेलं होतं, जे त्यांनी आजवर कधी पाळलं नव्हतं. आता दोघांच्या ताटल्या एकदम भरायला लागल्या. मावशी खुर्चीत, सुम्माक त्यांच्या पायाशी, दोघं गुपचूप उकडलेली कोंबडी चावताहेत आणि मित्रीकाका टेबलाच्या पलीकडे एकटेच मिठाईचा तुकडा लपवून खाताहेत, हे दृश्य मी खिडकीतून रोज बघायची.

"या घरात दोन आजारी आणि एक चोर राहतो," मावशी म्हणायच्या.

ऑपरेशन बैरूतला होतं. आदल्या दिवशी काका कुत्र्याला घेऊन गेले. तिथे त्याला रात्रभर साखरेची सलाईन लावून ठेवणार होते. मावशी गेल्या नाहीत. त्या चर्चमध्ये गेल्या आणि मला सोबत नेलं. फादर इग्नात वेदीजवळ दिवे पुसत होते.

"फादर, आजाऱ्यासाठी प्रार्थना म्हणायची आहे."

"कोण आजारी आहे, बाई?"

"घरातलंच कुणीतरी. पोटाचं ऑपरेशन आहे."

"नाव?"

मावशींनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा छताकडे. "सुम्माक."

फादरनी चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिलं. मीना गाव ते केवढंसं, त्यांना काय ठाऊक नसणार? पण त्यांनी गळ्यातलं वस्त्र नीट केलं, वेदीकडे तोंड केलं आणि गंभीर आवाजात म्हणाले, "प्रभू, तूच निर्माण केलेल्या सुम्माकवर दया कर, आणि वैद्याच्या हाताला स्थैर्य दे." मी हसू दाबायला ओठ चावले. मावशींच्या डोळ्यांतून मात्र पाणी वाहत होतं.

ऑपरेशनच्या दिवशी दुपारी काकांचा फोन आला. ते ओरडून बोलत होते, त्यामुळे फोन मावशींच्या कानाला असला तरी अख्ख्या गल्लीने ऐकला. "चण्याएवढी! अफीफे, चण्याएवढी गाठ होती! काढली! यकृतावर पसरलेलं काही दिसलं नाही!"

मावशी म्हणाल्या, "चण्याएवढी गोष्ट आणि एवढा त्रास! तुझ्यासारखीच म्हणायची." आणि मग मला मिठी मारून माझा खांदा भिजवला.

पण गंमत पुढेच होती. सुम्माक पोटावर टाके आणि गळ्यात प्लास्टिकचा कर्णा घेऊन घरी आला. बरा दिसत होता. मावशींनी रीत म्हणून कान टोचला, तर आकडा तीनशेच्या वर. त्यांनी घाबरून डॉक्टर हनानला फोन लावला. ती म्हणाली, असं होतं कधी कधी. इतके दिवस गाठच सगळं इन्सुलिन बनवत होती, म्हणून स्वादुपिंडाचा चांगला भाग आळसावून झोपी गेलाय. तो जागा होईपर्यंत याला थोडं इन्सुलिन बाहेरून द्यावं लागेल. उद्या दवाखान्यात आणा, सुई कशी द्यायची ते मी शिकवते.

"मला शिकवणार?" मावशींनी फोन ठेवला आणि हसत सुटल्या. हसता हसता खुर्चीत बसल्या. "मित्री, ऐकलंस? मला सुई शिकवणार म्हणे!"

मात्रा डॉक्टरने ठरवून दिली, पण हात मावशींचाच. सकाळ-संध्याकाळ उंबऱ्यावर दोघांचा कार्यक्रम. आधी स्वतःला, मग त्याला. मानेमागची कातडी चिमटीत धरून अशी सुई द्यायच्या की सुम्माक शेपटीही थांबवायचा नाही. "आता खरा तू माझ्या जातीचा," त्याला सांगायच्या. "कुणी काही दिलं तरी खायचं नाही. तो समोरचा पांढऱ्या मिशीवाला आहे ना, त्याच्यापासून सांभाळून राहा." पांढऱ्या मिशीवाला पेपरात तोंड खुपसून हसायचा.

उन्हाळा सरता सरता झोपलेला भाग जागा झाला. साखर आपोआप जागेवर आली, सुया बंद झाल्या. काका आणि सुम्माक पुन्हा पहिल्यांदा समुद्रावर जायला निघाले तेव्हा मावशीही निघाल्या. "म्हातारा बुडला तर कुत्र्याला घरी कोण आणणार?" म्हणाल्या. मग रोजच जायला लागल्या. खडकावर बसून दोघांना ओरडायचं, एवढंच काम. पण तेवढं चालून त्यांची स्वतःची साखरही उतरायला लागली.

जानेवारीत बाप्तिस्म्याचा सण आला. त्या दिवशी फादर बंदरावर येतात, समुद्राला आशीर्वाद देतात आणि निळ्या फितीचा क्रॉस पाण्यात फेकतात. तरणी पोरं त्यासाठी उड्या मारतात. धक्क्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. मावशींनी सुम्माकला पट्ट्याला घट्ट धरलेलं, कारण इतकी थंडी आणि इतका दंगा त्याला सोसेल की नाही, याचा नेम नव्हता.

फादरनी क्रॉस फेकला. पोरांनी उड्या घेतल्या. आणि पट्टा मावशींच्या हातात राहिला, कुत्रा हवेत.

"मित्री!"

मित्रीकाकांनी सणाचा सूट घातला होता. त्यांनी फक्त टोपी काढून माझ्या हातात दिली आणि सुटासकट पाण्यात झेप घेतली. लोक ओरडताहेत, शिट्ट्या मारताहेत. लाटांमध्ये पोरांची काळी डोकी, एक तांबडं डोकं आणि त्यांच्यामागे एक पांढरं. क्रॉस कोळ्याच्या पोराच्या हाती लागला, पण फितीचं टोक सुम्माकच्या दातांत. पोरगा ओढतोय, कुत्रा ओढतोय, दोघंही सोडायला तयार नाहीत. शेवटी तसेच एकमेकांना ओढत ते पायऱ्यांना लागले. सुम्माक वर आला आणि फादरांच्या सोनेरी वस्त्रासमोर उभं राहून त्याने असं अंग झटकलं की पहिल्या रांगेतली सगळी बडी मंडळी भिजली.

फादर इग्नातनी दाढीवरचं पाणी निपटलं. "मी सकाळपासून सगळ्यांवर पाणी शिंपडतोय," ते म्हणाले. "माझ्यावर शिंपडणारं कुणीतरी हवंच होतं." मग जो हशा पिकला, तो होड्यांवरच्या कोळ्यांपर्यंत गेला.

मावशी कुणाकडेच बघत नव्हत्या. त्यांनी शालीत कुत्र्याला गुंडाळलं, पर्समधून यंत्र काढलं, कान टोचला. मग त्यांनी यंत्र डोक्यावर धरलं.

"ब्याण्णव!" त्या ओरडल्या.

निम्म्या लोकांना ब्याण्णव म्हणजे काय हे कळलंही नाही, पण सगळं बंदर टाळ्या वाजवायला लागलं. बायकांनी जिभा हलवून लग्नात करतात तसा आनंदाचा गजर केला. पायरीवर बसलेले, सुटातून समुद्र गळणारे मित्रीकाका म्हणाले, "माझी साखर कुणी बघणार आहे का?"

"तुझी अक्कल बघायची आहे आधी," मावशी म्हणाल्या आणि शालीचं दुसरं टोक त्यांच्या खांद्यावर टाकलं. काकांना त्यानंतर आठवडाभर सर्दी होती आणि आठवडाभर ते गिऱ्हाइकांना ही गोष्ट सांगत होते. प्रत्येक वेळी लाट थोडी उंच व्हायची.

त्यालाही आता वर्ष होऊन गेलं. डॉक्टर हनान दर काही महिन्यांनी सुम्माकचं रक्त तपासते, पोटावर यंत्र फिरवते. मागच्या खेपेला काही दिसलं नाही. पुढचं देवाला ठाऊक, आणि गाठ परत येऊ शकते, हे आम्ही कुणीच विसरलेलो नाही. पण रोज उठून त्याचाच विचार करत बसायला वेळ कुणाला आहे? आज सकाळचंच सांगते. माझ्या खुर्चीत एक नवरी बसली होती, संध्याकाळी लग्न, अर्धं डोकं रंगवून झालेलं. सुम्माक आत घुसला, तिच्या खांद्यावरचा टॉवेल उचलला आणि पळाला. त्याच्यामागे मी, माझ्यामागे हातात ब्रश घेऊन ती नवरी, आणि तिच्यामागे, "पळा, पळा, त्याला व्यायाम सांगितलाय!" असं ओरडत अफीफामावशी. टॉवेल अजून सापडलेला नाही. लग्न मात्र वेळेवर आहे, आणि आम्हा सगळ्यांना आमंत्रण आलंय.